जिल्ह्याचं बिऱ्हाड

औरंगाबाद,
२१ मे १९८१

प्रिय केशव,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील, तर आधी खाली बस. सगळं कुशल आहे. कुशलपेक्षा थोडं जास्तच आहे.

तुझं जालना एक तारखेला जिल्हा झालं आणि इथे आपल्या जुन्या कचेरीत नुसती धांदल उडाली. आस्थापनेच्या टेबलावर अजून मीच आहे, त्यामुळे कोण जाणार, कोण राहणार याच्या याद्या मीच टंकते. प्रत्येकाकडून विकल्पाचा अर्ज मागवलाय, जालना की औरंगाबाद. आपले अंतरवालीचे काकासाहेब, शेत तुमच्याच बाजूला, रोज येऊन आपलं नाव जालन्याच्या यादीत आहे ना, हे बघून जातात. कपाशी आणि कचेरी एकाच एस.टी.वर साधायची असा त्यांचा बेत आहे. बाकीचे मात्र काळ्या पाण्यावर निघाल्यासारखी तोंडं करून बसलेत.

सोमवारी साहेबांनी मलाच दप्तराच्या ट्रकबरोबर धाडलं. तुमच्या तालुक्यांच्या फायली लाल फडक्यांत बांधून मागे रचल्या होत्या, पुढे ड्रायव्हर संपत आणि मी. बदनापूरला चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं विचारलं, बिऱ्हाड कुणाचं? संपत अगदी गंभीरपणे म्हणाला, "जिल्ह्याचं." मी इतकी हसले की अर्धा चहा पदरावर गेला.

बिऱ्हाड या शब्दाशी माझं किती वाकडं होतं, हे तुला ठाऊक आहे. बाबा भूमापनात, दर दीड-दोन वर्षांनी बदली. अकरा वर्षांत माझ्या सात शाळा झाल्या. फुटेल म्हणून आईनं कधी काचेची बरणी घेतली नाही, लोणचंसुद्धा फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तरी असतं, आमचं सगळं आईच्या डोक्यावर. म्हणून तुझ्या आईसाठी जालन्याला बदली मागून घेतल्यावर तू मला व्हरांड्यात लग्नाचं विचारलंस, तेव्हा मी भाषणच ठोकलं. माणसं बदलीवर जातात, ऊसतोडीला जातात, दुष्काळात जगायला जातात, पोरी नांदायला जातात. प्रत्येक जाण्याला वेगळा शब्द, पण मागून ढकलणारं कुणीतरी असतंच, आणि मला आता कुणी ढकललेलं चालायचं नाही. तू सगळं ऐकून घेतलंस, छत्री उचललीस आणि गेलास. अरे, निदान भांडायचं तरी! दोन वर्षं मी त्याच रागात होते. राग तुझ्यावर होता असं मी स्वतःला सांगत होते.

तर सोमवारी दुपारपर्यंत फायली उतरल्या आणि मी जालन्यातच मस्तगडला तुमच्या घरी गेले. तू केदारखेड्याला दौऱ्यावर आहेस हे कळलं तेव्हाच तो धीर झाला, खोटं कशाला सांगू. दार तुझ्या आईनं, दुर्गाबाईंनीच उघडलं. त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच ना ती, न्हाई म्हणणारी? ये, आधी जेव." जेवताना कळलं की येत्या रविवारी परतूरला तुझ्यासाठी मुलगी बघायला जायचं ठरलंय. मी हातातला घास परत ताटात ठेवला. ते त्यांना दिसलंच. म्हणाल्या, "हा हो बी म्हणत न्हाई, न्हाई बी म्हणत न्हाई. तुजं नाव निघालं की मंग पाणी प्यायला उठतो. किती पाणी पेऊन राह्यला, काय सांगू."

निघाले खरी, पण पाय उचलेना. बाजारातल्या एका दुकानातून दोन काचेच्या बरण्या घेतल्या. औरंगाबादला काय मिळत नाहीत? पण घेतल्या, आणि परत वळून तुमच्याच घरी ठेवून आले. दुर्गाबाईंनी फडताळात जागा करून दिली. येताना रिकाम्या ट्रकमध्ये मी गाणं म्हणत होते, अशी तक्रार संपतनं कचेरीभर केली आहे.

आज मी माझा विकल्पाचा अर्ज दिला. ज्येष्ठता यादीत इतकी वर आहे की मला इथून कुणीही हलवू शकलं नसतं. तरी जालना लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात 'पती-पत्नी एकत्रीकरण'. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, पती कुठे असतात? मी म्हटलं, "मस्तगडला. त्यांना अजून विचारायचंय." साहेब खिडकीबाहेर बघून हसले, मग अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून सोमवारपर्यंतची मुदत दिली. म्हणून विचारते आहे, केशव. परतूरला जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर. हे पत्र संपतच्याच हाती देते आहे आणि त्याला उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही असं बजावलंय, तेव्हा लवकर लिही, तो दारातच बसलाय.

उत्तराआधीच तुझीच,
शरयू