ठकीचे पथ्य

॥ श्री ॥

पुणे, नारायण पेठ
कार्तिक वद्य पंचमी, शके १७११

तीर्थरूप दादांचे चरणी अनंताचा साष्टांग नमस्कार.

श्रीरामकृपेने घरी सर्व खुशाल. गंगास्नान आपल्याला मानवले हे कळून फार बरे वाटले. थंडीत पहाटेचे स्नान झाल्यावर अंगावर घोंगडी घेत जावी, असे सौभाग्यवतीने मुद्दाम लिहायला सांगितले आहे. तिने आणखीही पुष्कळ सांगितले. ते सगळे लिहिले तर हे पत्र आणणाऱ्या यात्रेकरूंना आणखी एक बैल सोबत घ्यावा लागेल.

आपले भाद्रपदातले पत्र पोचले. वहिनींच्या अस्थी जिथे सोडल्या तिथेच आपणही राहावे, आता पुण्यास परतू नये, असा आपला विचार वाचला. आम्हा सर्वांना समाधान वाटले. काशीवास किती जणांच्या वाट्याला येतो? आमचा काहीएक आग्रह नाही. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे, ‘हिची ठकी जेवते का?’ त्याचे उत्तर मात्र सविस्तर लिहितो.

जेवते. आता जेवते. मधल्या दिवसांत तिने आम्हाला जे नाचवले ते ऐकून आपण हसाल म्हणून लिहितो. हसावे.

आपण निघालात तेव्हापासून तिने भात-पोळीला तोंड लावले नाही. नुसती बसून राही. म्हातारे मांजर, उपाशी कसे ठेवायचे? म्हणून सौभाग्यवतीने साय दिली. साय चाटली. मग खीर दिली, तीही चाटली. शेजारच्या मंदाकिनीकाकू पेढ्याचा चुरा आणू लागल्या. दसऱ्यापर्यंत ठकीचे पोट ओटीच्या कट्ट्याला टेकू लागले, पाठीचे मणके मात्र मोजता येत होते. केस राठ झाले. दोन पायऱ्या चढली की धापा टाकत बसे. एके दिवशी देवाला फुले वाहताना माझे लक्ष देवाकडे नसून तिच्या धापेकडे आहे, हे माझ्या ध्यानात आले. वहिनींची वस्तू आपण माझ्या हाती सोपवून गेलात, आणि मी ती खिरीत बुडवून मारीत होतो.

गुडघ्याचे निमित्त करून बुधवारातल्या वैद्यबुवांकडे गेलो. गुडघा दाखवला, मग हळूच ठकीचा विषय काढला. ते म्हणाले, “अनंतराव, मी माणसांची नाडी पाहतो.”

“पण ती अगदी माणसासारखीच आहे हो.”

“तोच तर रोग आहे! तुम्ही तिला रोज ब्राह्मणभोजन घालताय. साय बंद, तूप बंद, गोड बंद. मऊ भात द्या, आणि उकडलेली मासळी. मीठ नको, काटा नको.”

“मासळी? आमच्या घरात?”

“मग घराबाहेर. मांजराला विचारलं असतंत तरी तिनं हेच सांगितलं असतं. गुडघ्याला तेल लावा.”

मी घरी येऊन भीत भीत सांगितले. सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, “तरुणपणी उंदीर तोंडात धरून ती तुमच्या देवघरापुढून मिरवायची, तेव्हा कुणी प्रायश्चित्त घेतलं? परसाच्या दाराबाहेर काय ते करा. मला दिसलं नाही म्हणजे झालं.”

नदीवर मासे धरणाऱ्या भोयांपैकी सरुबाई आपल्याला आठवत असेल, घाटावर नेहमी मोठ्याने हसते ती. तिला सांगितले. तिने आपल्या घरी बारीक मासे उकडून, काटे काढून, पानात बांधून आणले आणि परसदारी ठेवले. ठकी आली. वास घेतला. माझ्याकडे पाहिले.

“बामनाच्या घरची हाय, लाजत असंल,” सरुबाई म्हणाली. “तुमी जरा तोंड फिरवा बगू.”

मी तोंड फिरवले. मागे खरखर आवाज आला. पाहतो तो ठकी पंजाने माती ओढून पान झाकत होती.

“अगं बया! माज्या माशाला माती दिली की हिनं!” असे म्हणून सरुबाई इतकी हसली की मंदाकिनीकाकू भिंतीवरून डोकावल्या.

मग भात सुरू केला. घरात तूप-साय दिसली की ठकी मागणार आणि मी देणार, म्हणून सौभाग्यवतीने दोन्ही घरातूनच बंद केली. ठकीचे पथ्य आम्ही सर्वांनी पाळले, ठकी सोडून. मी वाटी तिच्या तोंडापाशी नेली, आर्जवे केली, रामरक्षा म्हटली. ती रोज जेवणाच्या वेळी येई, खांबाजवळ बसे, आणि आमचे हात धुऊन होईपर्यंत समोरच्या रिकाम्या जमिनीकडे पाहत राही. वाटी तिथे ठेवली तरी वाटीकडे पाहत नसे.

मी लक्षात घ्यायला हवे होते. घेतले नाही, किंवा घ्यायचे नव्हते.

पंधरवड्यापूर्वी खडकीचे श्यामभट अचानक जेवायला आले आणि माझ्याच पाटावर बसले. सौभाग्यवतीचे हात भरलेले. तिने भिंतीशी उभा ठेवलेला एक पाट काढला आणि खांबाजवळ टाकला. दादा, तो आपला पाट. आपण निघालात त्या दिवसापासून त्यावर कोणी बसले नव्हते. तिच्याही ते मागाहून ध्यानात आले, पण पाहुण्यासमोर काय बोलणार? मी बसलो. अंग चोरूनच बसलो.

ताटाभोवती पाणी फिरवले. उजव्या बाजूला चिमूट-चिमूट भाताच्या चित्राहुती ठेवल्या. वर तूप नाही, काही नाही, नुसता मुगाचा मऊ भात. तोच ठकी उठली. माझ्या उजव्या गुडघ्याशी आली, शेपटी पायांभोवती गुंडाळून बसली आणि एकेक शीत वेचून खाऊ लागली. मी आणखी ठेवले. तेही खाल्ले. श्यामभट आपले जेवतच होते. सौभाग्यवती वाढता वाढता थांबली. पदर डोळ्यांना लावून हसत होती.

इतकी वर्षे ती आपल्या ताटाशेजारी बसून चित्राहुतीच खात आली. साय, पोळी हे वहिनींचे लाड. पोट भरायचे ते तिथे. तिच्या लेखी जेवण म्हणजे कोणीतरी त्या पाटावर बसायचे, पाणी फिरवायचे आणि मग उजवीकडे तिचा घास ठेवायचा. वाटीतले अन्न तिने जेवण मानलेच नाही. इतका आचार आपल्या घरात मांजरानेच काय तो सांभाळला.

आता राहिली मासळी. इथे माझी खरी पंचाईत झाली. गावी पंतोजींनी चित्राहुतींचा मंत्र पाठ करून घेतला, अर्थ विचारला की छडी. तरी शेवटचा घास ‘सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः’ म्हणून ठेवतो, एवढे मला कळते. सर्व भूतांत ठकी आली. ठकीच्या पोटाला जे हवे ते आले की नाही, हे आपण शास्त्री आहात, आपण ठरवावे. माझी मती चालली तसे केले. आपला पाट परसात नेला, दाराबाहेर टाकला, बसलो. सरुबाईने समोर पान उघडले. मंत्र म्हटला नाही. फक्त पाणी फिरवले.

“भटजी, कुठल्या देवाचा नैवेद्य हो हा?” भिंतीवरून मंदाकिनीकाकू.

“सटवाईचा! तिचंच वाहन जेवायला बसलंय,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना वेळेवर उत्तर सुचले.

ठकीने पानातली सगळी मासळी संपवली. पान चाटले. नंतर माझा अंगठाही चाटला. माशाला मी शिवलो नाही असे लिहिणार होतो, पण आपल्याला खोटे कसे लिहू? एक तुकडा पानाबाहेर पडला, तो मीच तिच्याकडे सरकवला. मग पाट घासला, नदीवर जाऊन स्नान केले, आणि घरी परतताना मोठ्याने अभंग म्हणत आलो, असे लोक सांगतात.

आता तिचे केस पुन्हा मऊ होऊ लागले आहेत. काल परसातल्या भिंतीवर चढली आणि मंदाकिनीकाकूंच्या बोक्याला अशी एक ठेवून दिली की तो अजून आमच्याकडे फिरकलेला नाही. घरात हसणे ऐकू येते.

एवढ्यावर पत्र पुरे करणार होतो. पण काल रात्री उष्टी काढताना सौभाग्यवतीने विचारले, “आता हा पाट भावोजींचा म्हणायचा, की तुमचा?” मी पाट उचलून पुन्हा भिंतीशी उभा केला. ठकीसाठी मी रोज त्यावर बसतो, तोही अजून अंग चोरूनच. वर लिहिले आहे की आम्हाला समाधान वाटले, आग्रह नाही. तेवढे सोडून बाकीचे पत्र खरे आहे.

दादा, वहिनी गेल्या ते दुःख तुमचे. ते तुम्ही गंगेकाठी घेऊन बसलात, त्यात मी कोण बोलणार? पण या घरात तुमचे माणूस अजून आहे. चार पायांचे एक, आणि दोन पायांचीही आहेत. हे पत्र आणणारी मंडळी माघात तिकडे पोचतील आणि शिवरात्र करून परत फिरतील. सोबत चांगली आहे, डोलीची सोय होते.

वडील भावाच्या पाटावर बसायचे तर त्यांची आज्ञा हवी, म्हणून मागतो. ती देऊ नये, एवढीच विनंती. आपण येईपर्यंत ठकीला मी उपाशी ठेवणार नाही.

आपली वाट पाहणारा धाकटा,
अनंता