पोटाला लावायची मेणबत्ती

अगं,

आजपासून गॅरेजला जावंच लागतंय. तुला उठवलं नाही, पहाटे कुठे तुझा डोळा लागला होता.

उशाशी डबीत मेणबत्ती ठेवली आहे, ती मी केली. सोयाचं मेण, खोबरेल आणि बदामाचं तेल, सगळं तुझ्याच मेणबत्त्यांच्या सामानाच्या कपाटातलं. लव्हेंडर जरा जास्तच झालंय आणि मधोमध खड्डा पडलाय, हसू नकोस. पातेल्याला मेण चिकटलंय, ते घासत बसू नकोस. आल्यावर मी बघतो.

थोडा वेळ जळू दे, मग विझव. वितळलेलं कोमट झालं की आधी मनगटावर थेंब टाकून बघ आणि मगच पोटाला लाव. इतके महिने ताणलेली कातडी आता खाजते, झोपेत ओरबाडतेस. काल म्हणालीस, "आता कुणासाठी जपायचं हे पोट?" खाजतं ते तुला, म्हणून लाव.

आई फोन करेल. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस, तिला मी सांगून ठेवलंय.

गॅरेजमध्ये ज्यांना कळलेलं नाही ते विचारतील, मुलगा की मुलगी. मी विषय बदलणार नाही. मुलगी झाली, पण राहिली नाही, असं सांगेन. तू भुलीत होतीस, तुला तिला बघता आलं नाही. मी बघितलं. नाक अगदी तुझं होतं.