थोरली आधी गेली म्हणून

लिहून ठेवणार : तलअत फरहमंद, वडिलांचे नाव नूरुल्लाह, नवरा इनायत हयात नाही. वय एकाहत्तर. पूर्वी शाळेत गणित शिकवीत असे, शाळेने काढून टाकल्यावर शिवणकाम. राहणार यज्द, इराण, नळाच्या गल्लीतले डाळिंबाच्या झाडाचे घर. धर्माने बहाई. हा शेवटचा शब्द लिहायला सरकारी कागदावर जागा नसते, म्हणून इथे आधीच लिहून घेतला.

मी शुद्धीवर आहे. अक्षर वाकडे येते ते वयाने. कुणी धाक घातला म्हणून नव्हे. ईश्वर एक आहे आणि त्याने वेळोवेळी पाठवलेले सगळे त्याचेच, असे मानून मी जगले व तसेच मानत जाणार. आमच्यात प्रत्येकाने मृत्युपत्र लिहावे असा दंडक आहे. मला त्याची कधी निकड वाटली नाही, कारण माझे मृत्युपत्र म्हणजे माझी थोरली बहीण इशरत होती. ती सरत्या उन्हाळ्यात वारली. आता माझ्या घराचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्याचे उत्तर मी गेल्यावर दुसऱ्या कुणी देण्याआधी मलाच द्यायचे आहे.

कलम पहिले. माझे शरीर. मला माझी मुलगी शकीबा व आमच्यातल्या बायकांनी धुवावे, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावे आणि आमच्या रिवाजाची अंगठी बोटात घालावी. अंगठी सुयांच्या डबीत आहे. गावापासून तासाभराच्या वाटेपलीकडे नेऊ नये, हाही आमचा नियमच. नवऱ्याशेजारी पुरा असे मी म्हणत नाही. तो जिथे होता ते कब्रस्तान कुणीतरी यंत्रे लावून सपाट केले आणि तो नेमका कुठे आहे हे आता देवालाच माहीत. जागा मिळेल तिथे पुरा. दगड लहान ठेवा. मोठा दगड लोकांच्या डोळ्यांत खुपतो.

कलम दुसरे. शिवणयंत्र, मोठी कात्री, मापाची फीत आणि कापडांचे सर्व तुकडे शकीबाला. ती माझी एकुलती एक मुलगी. बुद्धीने बापावर गेली, पण विद्यापीठाने दारातूनच परत पाठवली. कारण तेच, जे कागदावर लिहायला जागा नसते. आता एका दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासते. तक्रार करत नाही, आणि तिने केली असती तर मला बरे वाटले असते. समोरच्या बतूल खानुमला माझ्याकडून काही नाही. माझ्याकडून अंगभर पांघरायची चादर शिवून घ्यायची आणि मग माझा हात लागला म्हणून गल्लीला दिसेल अशी तीनतीनदा खळबळून वाळत घालायची, हे मी पुष्कळ वर्षे पाहिले. चादर मात्र अंगावर छान बसली होती, हे तिलाही कबूल करावे लागले होते.

कलम तिसरे. कपाटाच्या वरच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला चहाचा एक पेला आहे. तो माझा नाही. तो इशरतचा, माझ्या घरात राहणारा, पण फक्त तिच्या हातांनी धुतला जाणारा. तो तिच्या मुलाकडे, मुर्तजाकडे परत जावा.

याचा खुलासा करायला हवा. आम्ही दोघी एकाच बहाई आईबापांच्या मुली. इशरतने एका मुसलमान कापडवाल्याशी लग्न केले आणि त्यासाठी धर्म बदलला. घरच्यांना वाटले, कागदापुरते असेल. पण आबजीला (थोरल्या बहिणीला आमच्याकडे आबजी म्हणतात) कागदापुरते काही करताच येत नसे. ती खरीखुरी मुसलमान झाली. पहाटे उठून नमाज पढणारी, आजारपणातही रोजे सोडायला कुरकुरणारी. आणि तिला शिकवणाऱ्यांनी शिकवले, की आमच्यासारख्यांच्या हातचे ओले चालत नाही. कोरड्याला विटाळ नाही, ओल्याला आहे. सगळे मुसलमान असे मानत नाहीत. पुष्कळ जण माझ्या हातचे जेवून, वर डबा भरून घेऊन गेले आहेत. आबजी मानायची.

म्हणून गुरुवारी ती यायची, आपला चहा आपण करून घ्यायची, आणि मी तिच्यापुढे फुटाणे, अक्रोड, खडीसाखर मांडायची. चुलीवर माझे डाळी-पालेभाज्यांचे दाट कढण शिजत असायचे आणि त्याचा वास अंगणभर पसरलेला.

"आबजी, नाक तरी बाटलं की नाही?" मी विचारायची.

"वासाला ओल नसते," ती म्हणायची. "फुटाणे सरकव इकडे."

आमचे नाते फुटाण्यांनी वाचवले असे मी म्हणेन. सुरुवातीला धर्माचा विषय निघाला की आम्ही भांडून उठायचो आणि महिनामहिना तोंड पाहायचो नाही. मग तिनेच नियम काढला. एकीने प्रश्न विचारला, की दुसरीने मूठभर फुटाणे तोंडात टाकायचे, आणि ते नीट चावून गिळल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. ज्यांना परक्या धर्माच्या माणसाशी बोलायचे असेल त्यांनी हे करून पाहावे. रागाचे उत्तर फुटाण्यांबरोबर पोटात जाते, आणि उरते ते बहुधा बोलण्यासारखे असते.

आमचा मुख्य तंटा एकच. ती ज्या इमामाची, शेवटी परत येणाऱ्या बाराव्या इमामाची, वाट पाहत होती, तो आमच्या मते येऊन गेला.

"आला असता तर मला कळलं नसतं होय? मी तर दारातच बसलेय."

"दारात बसलीस खरी, पण तोंड कुणीकडे होतं तुझं?"

"बरं, आला. मग हे जग असं का गं? तुझी शाळा का गेली? तुझ्या पोरीला वर्गात का नाही घेतलं?"

यावर मी एक सोडून दोन मुठी फुटाणे खाल्ले.

एकदा मी तापाने फणफणले होते आणि शकीबा गावात नव्हती. तेव्हा आबजीने माझ्याच भांड्यात, माझ्याच चुलीवर पेज शिजवून मला चमच्याने भरवली, घामाने भिजलेले माझे अंग पुसले. नंतर बराच वेळ नळ वाहत होता. नमाजाआधी ती स्वतःला पुन्हा पुन्हा धूत होती. हे ऐकून शकीबाला राग आला होता. मला आला नाही. तिने नियमही ठेवला आणि मलाही ठेवले, आणि दोन्हीची मेहनत एकटीने केली.

कलम चौथे. घर. हे इनायतने माझ्या नावावर घेतले. ते शकीबाला मिळावे, याहून दुसरी इच्छा मला नव्हती. पण इथल्या कायद्यात असे आहे, की मुसलमान नसलेले माणूस मेले आणि त्याच्या वारसांत एक जरी मुसलमान निघाला, कितीही लांबचा, तर सगळे त्याचे; पोटच्या मुलांना काही नाही. जिवंतपणीच घर शकीबाच्या नावे करायला मी गेले होते. कचेरीतल्या माणसाने नाव विचारले, आडनाव ऐकले, आणि तुमच्या लोकांचे व्यवहार सध्या थांबलेत म्हणून कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणजे माझ्यामागे घर आबजीचे.

मी भीत भीत तिच्यापाशी विषय काढला. तिने नियमाप्रमाणे फुटाणे खाल्ले, अगदी सावकाश.

"देवाचा कायदा मी मोडायची नाही," ती म्हणाली. "घर माझ्याकडे येणार असेल तर येऊ दे. पण एकदा ते माझं झालं, की माझी वस्तू कुणाला द्यायची हे मला कुणी शिकवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शकीबाच्या नावानं बक्षीसपत्र."

"आणि तूच आधी गेलीस तर?"

"मी कशाला जाते? तू जरा घाई कर."

तेव्हापासून ही आमची थट्टाच झाली. मला साधी सर्दी झाली तरी ती दारातूनच ओरडायची, "काय तलअतजान, निघालीस का?" मी म्हणायची, "आज नाही गं, कपडे वाळत घातलेत." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी यायचे. पण मधुमेह तिला होता, मला काहीच नव्हते. गणिताची मास्तरीण असून हे एवढे गणित मी केले नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मुर्तजाने एक तोड सुचवली. त्याच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हते हे मी नमूद करते.

"आई, शकीबानं फक्त एक ओळ लिहून द्यावी, की मी मुसलमान झाले. मग घर सरळ तिलाच जातं. मनातलं कोण बघतंय?"

आबजी उठून बसली. तिला उठता येत नव्हते, तरी बसली.

"माझा धर्म म्हणजे काय हमामखाना वाटला तुला? कुणीही यावं, अंग धुवावं आणि कपडे घालून निघून जावं? पोरीला मनापासून यावंसं वाटलं तर दोन्ही हातांनी जवळ घेईन. घरासाठी येत असेल तर मीच तिला दारातून हाकलीन. ऐकलंस?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू रडू नकोस. वर गेले की खरं काय ते कळेलच. तुझं खरं निघालं तर तुझी माफी मागेन. माझं खरं निघालं तर तुझ्यासाठी रदबदली करीन. दोन्हीकडून तुझंच भलं आहे."

ती गेल्यावर तिला धुवायला नेले तेव्हा मी बाहेर उभी राहिले. आत फक्त मुसलमान बायका. तिच्या कपाळाला एकदा हात लावू द्या, एवढेच मी म्हणाले. धुणारी बाई कठोर नव्हती. ती म्हणाली, "खानुम, तुमचे हात ओले आहेत." खरेच होते. मी तोंड पुसत होते. ओल्याचाच विटाळ. ती माझी बहीण होती, आणि मला तिला शिवता आले नाही. हे मी देवापुढेही असेच सांगणार आहे.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी तिच्या घरी गेले. सगळ्यांना काचेच्या पेल्यात चहा, मला कागदाच्या. मुर्तजा मला बाजूला घेऊन गेला. या मुलाला मी मांडीवर घेतले आहे, वजाबाकी शिकवली आहे.

"खाला," तो म्हणाला (मावशीला ते खाला म्हणतात), "घराचं... तुझ्यानंतर ते माझ्याकडे येतं. वकिलाला विचारलं मी."

"तुझी आई काय म्हणाली होती, माहीत आहे ना तुला?"

"आई म्हणाली होती. मी नाही म्हणालो. माझीही पोरं आहेत, खाला. दुकानाचं काय झालंय बघतेसच. आणि मी घेत नाहीये. कायदा देतोय."

"कायद्याला हात नसतात, बाळा. लागतील ते तुझेच लागतील."

तो खाली बघत राहिला. मी कागदाचा पेला ठेवून उठले. तिथे फुटाणे नव्हते.

कलम पाचवे. यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. शकीबाने ती एक ओळ लिहिली तर घर वाचते. ती ओळ तिने लिहू नये, मला विचारूनही नाही आणि न विचारताही नाही. ज्या धर्मात माझी बहीण खरेपणाने जगली आणि मेली, त्यात माझी मुलगी खोटेपणाने जाणार नाही. आणि ज्या धर्मासाठी शकीबाने शिक्षण गमावले, तो ती घरासाठी सोडणार नाही. म्हणजे घर जाणार हे ठरलेच. फक्त ते घेतले जाते की दिले जाते, एवढे अजून माझ्या हातात आहे.

म्हणून मी, वर लिहिलेली तलअत, राजीखुशीने हे घर, अंगण व झाडासह, माझा भाचा मुर्तजा यास देते. अट काही नाही.

कारण लिहून ठेवते. आबजीचा एका दिवसावर पूर्ण भरवसा होता, ज्या दिवशी प्रत्येकाला आपल्या केल्याचा जाब द्यावा लागणार. त्या दिवशी तिच्या मुलाला विचारतील, पोरक्या पोरीचे घर कुणी घेतले? आणि आबजी तिथेच उभी असेल. तिने मुलापायी मान खाली घालावी, हे मला सोसणार नाही. त्याला म्हणता यावे, मी घेतले नाही, खालाने दिले. तिने माझ्यासाठी रदबदली करायची म्हटले होते. तिच्यासाठी मला एवढेच करता येते.

शकीबा, तुला मी घर देऊ शकले नाही. खोटे लिहिण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये, एवढे देऊन जाते. हे फार थोडे आहे. मी यावर रडले आहे, आणि हे लिहितानाही रडते आहे.

साक्षीदार : खुदाबख्श बेहमर्दी, शेजारी, धर्माने जरतुश्ती (पारशांचा धर्म). "लिहिताना मी समोर बसलो होतो. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. शहाणपण मात्र मला यात दिसत नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले." सही.

साक्षीदार : मासूमे, इशरत खानुमची मैत्रीण, धर्माने मुसलमान. "बक्षीसपत्राचे बोलणे माझ्यादेखत झाले होते. इशरत जगली असती तर बोलल्याप्रमाणे वागली असती. अल्ला साक्ष आहे." अंगठा.

स्थळ यज्द. आबान महिन्याची चौदा तारीख, सन १४०२. आमच्या पंचांगाने कुदरत महिना, सन १८०.

लिहून ठेवणार : तलअत फरहमंद. सही.

मी शकीबा, वरील सर्व मजकूर वाचला. मला हे घर हवे होते. आईचे म्हणणे पटले म्हणून नव्हे, तिने सांगितले म्हणून सही करते. हा कागद मुर्तजाकडे टपालाने जाणार नाही. मी स्वतः त्याच्या हातात देईन, आणि त्याचे वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन. सही : शकीबा.