मोती खोटे होते हे मला ठाऊक होते

मी, जमनाबाई प्रेमचंद पाटील, वय चौऱ्याहत्तर, राहणार प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कारण माझा मुलगा भूपेंद्र सुरतेहून सगळ्या भाऊबंदांना सांगत सुटला आहे की आईचं डोकं फिरलंय, फोनवरून खोटे मोती घेत बसते. वेडीचं मृत्युपत्र टिकत नाही हे मलाही कळतं. म्हणून मोत्यांचं आधी.

१. मोती विकणारी एक बाई रोज दुपारी फोनवर लाईव्ह दिसायची. अठरा हजारांवर काट मारून चौदाशे नव्व्याण्णव लिहिलेलं असायचं. एवढं सोडून देणारा व्यापारी मी जन्मात पाहिला नाही. मी खाली लिहायची, "मोती खरा कशावरून? एवढा स्वस्त कसा?" ती लगेच म्हणायची, "जमनाबेन आल्या! जेवलात का?" मग उत्तर द्यायची. म्हणून मी रोज नवी शंका काढायची. नुसतं विचारत राहणं बरं दिसत नाही, तेव्हा मधूनमधून एखादी माळ घ्यायची.

शेजारच्या दगूबाईने पहिली माळ हातात घेताच सांगितलं, "जमनाबाई, हाऊ खोटा शे वं. दातवर घसी देख, खरा मोती खरखर लागस."

मी म्हटलं, "मन्हा दात बी खोटाच शेतस."

दोघी पोट धरून हसलो. त्यानंतर या घरात तसं हसणं झालेलं नाही.

२. भूपेंद्र आला, कंपनीशी फोनवर भांडला, माझ्या फोनमधून ती बाई काढून टाकली आणि चहा न घेता गेला. किती दिले ते विचारलं, कुठून घेतले ते विचारलं. का घेतले, हे विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं, ते इथे नोंदवते.

३. तापीकाठची केळीची जमीन भूपेंद्र आणि मुलगी मयूरी यांना निम्मी निम्मी. मयूरी नाशिकहून फोन करते, पण स्पीकरवर ठेवून भांडी घासते. तरीही निम्मी.

४. सोन्याची पोत सून रुचिकाला. सोनाराकडे नेऊन खुशाल तपासावी, नाहीतरी तपासणारच. बँकेतली ठेव माझ्या दिवसकार्याला, उरेल ती दोघा भावंडांत.

५. मोत्यांच्या माळा मयूरीला. कुणी विचारलं तर खोट्या आहेत असंच सांगावं.

६. दगूबाईला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून दुभती म्हैस तिला आधीच देऊन टाकली.

७. घर दोघा भावंडांचं. विकायचं तर विका, माझी हरकत नाही. फक्त त्याआधी दोघांनी इथल्या ओसरीत एक दुपार काढावी. जेवण झाल्यापासून ऊन उतरेपर्यंत, फोन बंद ठेवून. कोणी येतं का ते बघावं.

वाचून, समजून सही केली.

जमनाबाई प्रेमचंद पाटील

साक्षीदार:
१. दगूबाई, शेजारीण (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. फत्तेसिंग गिरासे, निवृत्त शिक्षक (सही)

स्थळ: प्रकाशा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५