तलावात अडकलेली चौदा जहाजं

प्रताप नगर, नागपूर
ता. ८ फेब्रुवारी १९८७

चि. मार्तंड यास,
लहानूमामाचा जय भीम, आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना आशीर्वाद.

आधी तब्येतींचं. सिंधूच्या गुडघ्याला आता कसं आहे? तिला म्हणावं, तुझ्या थोरल्या भावाचे दोन्ही गुडघे दुखतात, पण तो त्याची बातमी गावभर करत नाही. सूनबाई उत्तराला तिकडची खारी हवा मानवली का, की खोकला अजून आहेच? धाकटीला दात आले का? आणि तुमच्या शेजारचे ते तेलुगू मास्तर, ज्यांचं पोट बिघडलं होतं, ते बरे झाले का? (मला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना माझी येत नाही, तरी मागच्या खेपेला ते तुझ्याबरोबर नागपूरला आले तेव्हा आम्ही दोन तास बोललो होतो.) इकडे तुझ्या मामीचं ब्लडप्रेशर धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ठीक आहे आणि मामीच्या म्हणण्याप्रमाणे माझ्यामुळे वाढतं. ताराचंद टेलिफोन ऑफिसात जातो, येतो, जेवतो. सून गोपिकाचे पाय संध्याकाळी थोडे सुजतात, ते या दिवसांत चालायचंच. मी मजेत आहे, फक्त सध्या व्हरांड्यात झोपतो. त्याचं कारण पुढे येईल.

तू विशाखापट्टणहून दिवाळीला टीव्हीला जोडायचं जे यंत्र आणून दिलंस, त्याबद्दल हे पत्र आहे. तू विचारलं होतंस की मामा, त्यातला राज्यांचा खेळ कसा वाटला. सविस्तर लिहितो. त्याची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली की सात मिनिटं नुसती शिट्टी वाजते. तेवढ्यात मामीचे तांदूळ निवडून होतात, म्हणून तिची त्याला हरकत नाही. मग पडद्यावर चार जातीची माणसं येतात: नांगरवाले, घोडेवाले, डोंगरवाले आणि दर्यावाले. सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे. मी गिरणीत छत्तीस वर्षं माग चालवता चालवता वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर इंग्रजी अक्षरं शिकलो हे तुला माहीत आहे, पण ते इंग्रजी दुकानाच्या पाट्यांपुरतं. म्हणून पुस्तिका वाचायचं आणि बटणं दाबायचं काम गोपिकाकडे आलं. ती बी.ए. आहे.

आता मूळ गोष्ट. गोपिकाचं हे पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिचे वडील रुपराव, आमचे व्याही, उमरेडहून १९ जानेवारीला तिला न्यायला आले, दोन दिवसांसाठी, एक पिशवी घेऊन. मी म्हटलं, धंतोलीचे दवाखाने इथून रिक्षाच्या अंतरावर आहेत, सगळा विदर्भ गाड्या करकरून तिथे येतो आणि आपण पोरीला उलट्या दिशेनं काय म्हणून न्यायचं? ते म्हणाले, "लहानूजी, दवाखाना उमरेडलेबी हाये. अन् पोरीची माय तिकडे डिंक कुटून राहिली." मी म्हटलं, डिंक एसटीनं येऊ शकतो. ते म्हणाले, पोरगीही एसटीनं जाऊ शकते. असे आम्ही दोन दिवस बोललो. (खरं सांगायचं तर दवाखाना हे एक कारण झालं. ती पाच महिने गेली की घरात ताराचंदसारखा मुका माणूस, मामी आणि मी उरतो. सकाळी पेपर मोठ्यानं वाचून त्यावर माझ्याशी भांडणारं कोणी राहत नाही.) शेवटी गोपिकाच हसत म्हणाली, "तुमी दोघं असेच भांडून राहाल तं मी इथंच म्हातारी होईन. त्या यंत्रावर ठरवून टाका." आम्ही दोघांनी ते खरं धरलं. ते जिंकले तर उमरेड, मी जिंकलो तर नागपूर.

व्याह्यांनी नांगरवाले घेतले. मी दर्यावाले घेतले, कारण भाचा बंदरात फिटर असताना दुसरं काही घेणं बरं दिसलं नसतं. दर्यावाल्यांचे गुण गोपिकानं पुस्तिकेतून वाचून दाखवले ते असे. त्यांना जहाज थोडक्या लाकडात बांधता येतं. शेत नसलं तरी जाळं टाकून पोट भरतं. माल घेऊन लांब गेले की नफा दुप्पट, आणि पाण्यावर त्यांना कोणी हात लावू शकत नाही. ऐकून मला वाटलं, व्याह्यांची पिशवी आता भरूनच ठेवावी. मग तिनं दोष वाचले. जमिनीवर उतरले की ही माणसं पाण्याबाहेरच्या मासळीसारखी, एका नांगरवाल्याला तीन लागतात. तटबंदी कंबरेइतकी. घोडा नाही, बैल नाही. आणि लाकूड संपलं की हात जोडून बसायचं. व्याही म्हणाले, "म्हंजे पावसाळ्यातल्या बेडकावानी. पाणी हाये तवरक मजा."

या खेळात सुरुवातीला सगळा नकाशा काळा असतो, आपण जाऊ तेवढाच उघडतो. एक चाल माझी, एक त्यांची. मला माझ्या माणसांच्या पायाशी निळं पाणी दिसलं, पलीकडचा काठ दिसेना, म्हणून मी तिथेच बंदर बांधलं. आता तूच सांग, नागपूरच्या माणसानं याहून वेगळं काय केलं असतं? पाणी दिसलं की ते पाणी. आम्ही अंबाझरी तलावाच्या काठावर उभे राहून चणे खाल्लेली माणसं. ते पाणी पुढे कुठे जातं, हे आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही. मी पहिल्या तीन दिवसांत चौदा जहाजं बांधली. मासळी भरपूर. एक जहाज मी पूर्वेला सोडलं आणि काठाकाठानं चालवत राहिलो, कारण खोल पाण्यात घालायला मन धजेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पश्चिमेकडून माझ्याच बंदरात परत आलं.

मार्तंडा, त्या दुपारचं काय लिहू. पृथ्वी गोल आहे हे मी आजवर पुस्तकावर विश्वास ठेवून मानत होतो, ते त्या दिवशी घरबसल्या पटलं. माझ्या जहाजानं जगाला फेरी मारली म्हणून मी कोपऱ्यावरून पाव किलो जिलबी आणली आणि शेजारी चंपतरावांनाही दिली. (ते मिलिटरीतून रिटायर आहेत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जिलबी खाल्ली, आणि काही न बोलता गेले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.) व्याही मात्र पोरीकडे पाहत म्हणाले, "गोपे, जग एवढंसंच असते काय वं?" गोपिका म्हणाली, पुस्तिकेत तसं काही लिहिलेलं नाही.

तो तलाव होता. हे आम्हाला पाचव्या दिवशी समजलं, तेही व्याह्यांचे नांगरवाले बैलगाड्या घेऊन चारी बाजूंनी एकदमच काठावर आले तेव्हा. समुद्राच्या चारी बाजूंनी बैलगाड्या येत नाहीत, एवढं मलाही कळतं. त्या माणसानं चार दिवस पेरण्याशिवाय काही केलं नव्हतं. मी हसत होतो आणि ते कोठारं भरत होते. माझं बंदर त्यांनी चहा संपायच्या आत घेतलं. मी जहाजं तेवढी मधोमध नेऊन उभी केली.

आणि तिथे खेळ थांबला. नियम असा आहे की शत्रूचं गावही जायला हवं आणि जहाजंही, तेव्हाच जिंकलं म्हणायचं. नांगरवाल्यांना जहाज बांधता येत नाही. माझ्या लोकांना काठावर उतरता येत नाही. मला उपाशी मारावं म्हणून ते काठावर बसून राहिले, पण तलावात मासळी थोडी थोडी पुन्हा होते, चौदा जहाजांना पुरेल इतकी. म्हणजे पुस्तिकेतला गुण खरा ठरला आणि दोषही. मी हरू शकत नव्हतो आणि जिंकूही शकत नव्हतो. रोज सकाळी चहा झाला की आदल्या दिवशीचा डाव उतरवून ठेवलेली कॅसेट लावायची, शिट्टी ऐकायची, मी जाळं टाकायचं, त्यांनी काठावर एक पाऊल इकडे तिकडे करायचं. मध्येच वीज जायची. व्याह्यांची पिशवी दोन दिवसांची असल्यामुळे त्यांना ताराचंदचे कपडे दिले, ते त्यांना आखूड होतात.

असं करता करता १ फेब्रुवारी उजाडली आणि गोपिकाला आठवा महिना लागला. आठव्यात पोटुशीनं गावाची वेस ओलांडू नये असं म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे मी चारचौघांत अनेकदा सांगितलं आहे. पण व्याही मानतात, आणि या वेळी त्यांचं मानणं माझ्या उपयोगी पडत होतं, म्हणून मी पहिल्यांदाच कोणाची समजूत काढायला गेलो नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, आता बसचे धक्के नकोत. व्याह्यांनी पडद्यावरच्या जहाजांकडे बोट केलं. मग मला म्हणाले, "इवाईबुवा, तुमी लढलेच नाही जी. नुसते पाण्यात बसून राहिले." मी म्हटलं, दर्यावाल्यांचं तेच तर बळ आहे.

मी जिंकलो असं मी त्या दिवशी जेवताना म्हणालो. तिसऱ्या दिवशी उमरेडच्या गाडीतून आमच्या विहीणबाई रुखमाबाई उतरल्या, एक ट्रंक, डिंकाचे दोन डबे, मेथी आणि बाळंतिणीची बाज घेऊन. पोरगी माहेरी येत नसेल तर माहेर पोरीकडे येईल, असं त्यांनी दारातच सांगितलं. मुक्काम बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत. तुझ्या मामीनं त्यांना मिठी मारली. दोघींनी मिळून खोल्यांची वाटणी केली आणि त्यात माझ्या वाट्याला व्हरांडा आला.

असो. यंत्र एकंदरीत चांगलं आहे. सर्वांना जय भीम.

तुझा,
लहानूमामा

ता. क. मुख्य काम राहिलंच. तू व्याह्यांच्या नावानं एक कार्ड टाक की रुपरावजी, पंधरा दिवस समुद्र बघायला या. त्यांनी तो पाहिलेला नाही आणि तलाव आणि समुद्र यांत फरक काय, हे मला रोज विचारतात, जसा काही मी पाहिला आहे. विहीणबाईंना बोलावू नकोस, त्या इथे हव्यात. व्याही घोरतात, आणि व्हरांडा दोघांत आहे. मी सुचवलं असं लिहू नये.

ता. क. दुसरा. पाकिटावर इंग्रजीत पत्ता घालायला पत्र गोपिकाकडे दिलं होतं, तिनं ते सगळं वाचलं. वाचून म्हणाली, "मामाजी, तलाव हाये हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. पुस्तिकेत तलावाचं चित्र हाये." मी म्हटलं, मग काहून सांगितलं नाही? तर म्हणे, "तुमी दोघांनी मले कुठं जायचं हे विचारलं होतं का? तिकडे गेली असती तं हे नसते, इकडे राहिली असती तं माय नसती. आता दोन्ही हायेत." आणि पत्ता घालून गेली. मी तिला रागावणार होतो, पण तिच्या बोलण्यात चूक कुठे ते सापडलं नाही.

ता. क. तिसरा. वरचं कार्ड सध्या टाकू नकोस. व्याह्यांनी नवा डाव मागितला आहे. या खेपेला नकाशा नवा, दर्यावाले त्यांचे, आणि बंदर बांधण्याआधी ते चारी दिशांना माणसं पाठवून पाणी तपासताहेत. नांगरवाले माझ्याकडे आले आहेत आणि मला पेरायचं कधी तेही कळत नाही. पैज बाळाच्या नावाची आहे, ज्याचा डाव त्याच्या पसंतीचं नाव. गोपिका इतक्या चटकन हो म्हणाली की मला वाटतं नाव तिनं केव्हाच ठरवलेलं असणार. तरीही हरायचं नाही. खरा समुद्र असला तर दर्यावाले कुठल्या बाजूनं येतात आणि त्यांना काठावर कसं अडवायचं, हे तुझ्या बंदरातल्या जुन्या माणसांना विचारून मला परतटपाली कळव. पाकिटावर माझंच नाव घाल. लवकर लिही, त्यांचं पहिलं जहाज अर्धं झालं आहे.