कुंदाचे पाढे

कुंदाच्या आबांस,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवली आहे. मी कुंदाला घेऊन शाळेत गेले आहे. तोंडी हिशेबात ती नापास झाली, म्हणून काल तुम्ही तिला म्हणालात, "उद्यापासून कापूस वेचायला चल." पण तिला सगळं येतं. मी जात्यावर बसले की ती शेजारी बसून तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणते. वर्गात उभं केलं की मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. निबंधात तिचाच पहिला नंबर आहे. हिशेबही पाटीवर लिहून घ्या, असं गुरुजींना विनवून बघते.

काल तुम्ही तिला मारलंत, तेव्हाही ती बोलली नाही. मीही बोलले नाही. तुमच्यासमोर माझंही तसंच होतं, म्हणून हे लिहून ठेवलं.

धुरपदा