एक इंचसुद्धा नाही

२ नोव्हेंबर

पुन्हा तो टेपवाला! सकाळी कामाला निघाले, तर आमच्या मागच्या भिंतीला टेप लावून उभा. "काय मोजताय?" म्हटलं. "रोषणाई, ताई. विद्यापीठाला पंच्याहत्तर वर्षं होतायत ना, दिव्यांच्या माळा सोडायच्यात." माळा विद्यापीठाला, आणि मोजायची भिंत आमची? मला काय दूधखुळी समजतो!

कुठेतरी पाणी मुरतंय.

५ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानात दिवसभर मुलांची झुंबड. समारंभात मिरवायला सगळ्यांना नव्या फ्रेमा हव्यात. काउंटरवरून बाहेर पाहिलं, की जिकडेतिकडे विद्यापीठच. सुरू झालं म्हणे बेकरीच्या माडीवरच्या चार खोल्यांत. मग बेकरीच गेली. छापखाना गेला — तिथे कायदा शिकवतात. सिनेमा थिएटरचं ग्रंथालय झालं. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना गेला, तिथे परदेशी भाषा. तेव्हाही लोक आत आ वासून बसायचे, आताही बसतात!

उरलंय आमचं घर. तिन्ही बाजूंनी विद्यापीठ, मधे आम्ही दोघी — सासूबाई आणि मी.

हे जाऊन तीन वर्षं झाली. आजारपणातही एकच घोकत होते — "एक इंचसुद्धा द्यायचा नाही." दिला नाही. देणार नाही.

९ नोव्हेंबर

ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. दुपारी सासूबाई एकट्याच असतात.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही गं. मीच दोनदा घेतला."

दोनदा चहा? त्यांना एकदाचा सोसत नाही!

१० नोव्हेंबर

दीर! दुसरं कोण असणार? विद्यापीठाच्या इमारत विभागात नोकरी, त्यात बोलणं गोड. मी आत शिरले की मायलेक गप्प. परवा तर मला बघून सासूबाईंनी एकदम पडदे धुवायचा विषय काढला. घर त्यांच्या नावावर. एक सही केली की मी कुठे जायचं?

१४ नोव्हेंबर

चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून दीर दुकानात आला. आयता सापडला. चष्मा माझ्या हातात, त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. म्हटलं, "भावजी, आईंकडून घर काढून घेताय ना?"

दचकलाच. "वहिनी, घराबद्दल मी आईशी आपणहून एक शब्द बोललेलो नाही."

"मग टेपवाला कुणाचा?"

"आमच्या विभागाचा. पण मी नाही पाठवला."

"मग कुणी?"

हाताने काउंटर चाचपत राहिला. शेवटी म्हणतो, "आईलाच विचारा. पण... जरा हळू विचारा, वहिनी."

हळू म्हणजे? मी काय त्यांच्या अंगावर धावून जाते? स्क्रू आवळला, चष्मा पुढे सरकवला.

१६ नोव्हेंबर

डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी आले. दाराला कुलूप! गल्लीच्या टोकाला सासूबाई दिसल्या — केस चापूनचोपून, खांद्याला पर्स — विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरताना. मागोमाग गेले. थेट इमारत विभागात.

टेबलावर नव्या इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. सासूबाई त्यावर वाकून साहेबांना विचारत होत्या, "आमचं स्वयंपाकघर इथे येतं ना? मग तिथे काय होणार?"

"वाचनाची खोली, आजी."

"बरं झालं."

मला राहवलं नाही. "आई! कुणी फसवलं तुम्हाला?"

त्या पांढऱ्याफटक पडल्या. पण बोलल्या. "कुणी नाही. मीच बोलावलं ह्या साहेबांना. टेपवालाही मीच मागितला."

"अहो, पण ह्यांचा शब्द होता —"

"त्याचा होता. माझा कुणी विचारला? लग्नाआधी मला इथे प्रवेश मिळाला होता. सासरे म्हणाले, सुनेनं रस्ता ओलांडायचा नाही. मग जन्मभर भाकऱ्या थापत इथली घंटा ऐकली. ते घर मला कधी आवडलंच नाही गं."

"मग मला का नाही सांगितलं?"

साहेब उगाचच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागले. सासूबाई मॉडेलकडे बघत पुटपुटल्या, "तुझी भीती वाटते."

१७ नोव्हेंबर

भीती! माझी! औषधं वेळेवर कोण देतं? पथ्य कोण सांभाळतं? आवाज तरी कधी चढवलाय मी? हे त्यांचे शब्दच नव्हेत. दिरानेच पढवलंय.

२२ नोव्हेंबर

समारंभ झाला. सासूबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची. मी गेले नाही. भाषणं घरात बसूनही ऐकू येत होती — विस्तार, विस्तार, विस्तार! टाळ्या पडल्या, त्यात त्यांच्याही असतील.

संध्याकाळी दीर दारातच उभा राहून सांगून गेला : घराच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या जागेत तीन खोल्या आहेत, एक माझी, आईनेच तशी अट घातली. मला हाकलायचं नव्हतं तर! की हीसुद्धा तोंड बंद करायची युक्ती?

२४ नोव्हेंबर

सकाळी सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. कडीला हात लावला, मागे घेतला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उघडू का गं?"

त्यांच्याच घरातली खिडकी.

रोजच विचारतात.